सव्वासहा फुटांचा माणूस आणि ६७ इंचांचा ट्रायपॉड

खोक्यावर ठळक अक्षरांत ६७ इंच छापलेलं असतं. म्हणजे १७० सेंटिमीटर. स्वस्तातल्या ट्रायपॉडवर हा आकडा इतका सर्रास दिसतो की दुकानदारांना तो तोंडपाठ असतो. मुंबईला फोर्टात, बोरा बाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांतून फिरत होतो तेव्हा एकाने मला नखशिखांत न्याहाळलं आणि तरीही म्हणाला, "साहेब, सिक्स्टी सेव्हन इंच आहे. याच्यापेक्षा उंच घेऊन करणार काय?"

करणार काय म्हणजे, उभं राहून फोटो काढणार! माझी उंची सहा फूट तीन इंच. दाराच्या चौकटी, बसमधले दांडे, हॉटेलातल्या बेसिनवरचे आरसे, या सगळ्यांशी मी केव्हाच जुळवून घेतलंय. ट्रायपॉडशी मात्र जुळवून घ्यायची इच्छा नव्हती, कारण तिथे प्रश्न कमरेचा आहे. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं, पहाटेपासून ऊन चढेपर्यंत व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कंबरेत वाकून राहायचं, आणि सोमवारी साइटवर परत टोटल स्टेशनपाशी, म्हणजे जमिनीवरचे कोन आणि अंतरं मोजायच्या यंत्रापाशी, वाकायचं. हो, पोटापाण्यासाठी मी सर्व्हेचं काम करतो. तीन पायांच्या स्टँडशी रोजचीच गाठ. त्यामुळे ट्रायपॉड घेताना मी फोटोग्राफरसारखा कमी आणि सर्व्हेअरसारखा जास्त विचार केला. तो इथे मांडतोय, कारण उंच आणि खिशाने बेताचे असे लोक मी एकटाच नसणार.

सुरुवात टेपने करायची. पायात नेहमीचे बूट घालून भिंतीशी ताठ उभं राहायचं आणि कुणाला तरी डोळ्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करायला सांगायची. डोळे डोक्याच्या टोकापासून साधारण बारा सेंटिमीटर खाली असतात. बुटाचा तळ तीनेक सेंटिमीटर. माझी खूण १८१ वर आली. आता तिथून खाली उतरत यायचं. माझा कॅमेरा निकॉन डी ७२००. त्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरच्या मध्यापर्यंत आठ-साडेआठ, खालची क्विक रिलीज प्लेट धरून नऊ. बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवायचा वरचा गोळ्याचा सांधा, दहा. म्हणजे १८१ मधून १९ गेले, उरले १६२. मधला दांडा पूर्ण खाली असताना, नुसत्या पायांवर, ट्रायपॉड एवढा उंच हवा. मान किंचित झुकवायची तयारी असेल तर १५५ ला भागेल. त्याखाली कंबर वाकायला लागते.

खोक्यावरच्या १७० मध्ये काय काय असतं ते यानंतर बघा. पाय पूर्ण ताणलेले, मधला दांडा पूर्ण वर, आणि बऱ्याचदा हेडही त्यातच मोजलेलं. दांडा खाली घेतला की हा आकडा पंचवीस-तीस सेंटिमीटरने घसरतो. म्हणजे माझा डोळा एका मजल्यावर आणि कॅमेरा दुसऱ्या. वेबसाइटवर "मॅक्सिमम हाइट" मोठ्या टायपात असते. "विदाउट सेंटर कॉलम" ही ओळ शोधावी लागते आणि स्वस्त ट्रायपॉडच्या पानावर ती बहुतेक वेळा नसतेच. नसेल तर दुकानात जाऊन टेप लावायचा. मी खिशात टेप घेऊनच फिरतो, तो धंद्याचा भाग आहे. पण दुकानात तो काढला की वातावरण जरा गंभीर होतं खरं.

"मग दांडा वर करा की," असं मला निदान अर्ध्या लोकांनी सुचवलं. टोटल स्टेशनच्या स्टँडला मधला दांडा नसतो. मधून ओळंबा सोडायचा असतो हे एक कारण. दुसरं कारण असं की अंशाच्या छत्तीसशेव्या भागापर्यंत कोन मोजायचं यंत्र कुणी एका नळीच्या टोकावर डोलत ठेवणार नाही. वर केलेला दांडा म्हणजे उभा कॅन्टिलिव्हर, एक टोक आवळलेलं आणि दुसरं मोकळं. टोकाला तेवढाच जोर लावला तर त्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दहा सेंटिमीटर बाहेर काढलेला दांडा वाऱ्याने जेवढा हलेल, त्याच्या सत्तावीस पट तीस सेंटिमीटर काढलेला हलेल. हा नुसता दांड्याचा हिशेब. तो ज्या प्लॅस्टिकच्या कॉलरमध्ये आवळलेला असतो तिचा सैलपणा वेगळा. वाइड लेन्स असेल तर हे खपून जातं. २००-५०० मिलिमीटरसारखी लांब पल्ल्याची लेन्स लावली, जिचं एकटीचं वजन २.३ किलो आहे, की कॅमेऱ्याच्या आरशाच्या फटक्यानेसुद्धा चित्र थरथरतं. पाव सेकंदाच्या आसपासच्या शटरला तर हमखास.

याच कारणासाठी खोक्यावरच्या "लोड कपॅसिटी" या आकड्याकडे मी बघत नाही. पाच किलो पेलतो म्हणजे पाच किलोखाली मोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हलतो किती, ते तो सांगत नाही. शिवाय हा आकडा सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने काढतात असंही नाही. त्यापेक्षा दुकानात पाय पूर्ण ताणावेत, वरचा माथा दोन्ही हातांनी धरून स्क्रूसारखा पिळून बघावा. खाली दाबून बघण्यापेक्षा पिळून बघणं महत्त्वाचं, कारण दाबाला बहुतेक सगळे टिकतात आणि पीळ बसला की सोंग उघडं पडतं. मग कॅमेरा लावायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, लांबची एखादी पाटी पूर्ण झूम करायची आणि पायाला टिचकी मारायची. पाटीवरची अक्षरं किती वेळाने स्थिर होतात ते मनात मोजायचं. चार किंवा पाच तुकड्यांच्या पायात सगळ्यात खालची नळी अगदी बारीक असते आणि ताणलेली उंची तिच्याच जिवावर असते. तीन तुकड्यांचा पाय बंद केल्यावर लांब राहतो, पण उभा केल्यावर बरा राहतो.

आता सह्याद्रीबद्दल. ट्रायपॉडची उंची सपाट जमिनीवर मोजलेली असते आणि आपण जिथे फोटो काढतो तिथे सपाट जमीन फक्त पार्किंगमध्ये असते. पायांचा घेर मध्यापासून साठ सेंटिमीटर धरा. वीस अंशांच्या उतारावर दरीच्या बाजूचा पाय साधारण बावीस सेंटिमीटर जास्त लांब लागतो. त्यातून दरीचा फोटो काढताना आपण ट्रायपॉडच्या मागे, म्हणजे चढाच्या बाजूला उभे असतो. मी दीड-दोन फूट मागे उभा राहिलो की माझेच पाय ट्रायपॉडच्या मध्यापेक्षा पंधरा-वीस सेंटिमीटर वर. घरात डोळ्याशी बरोबर लागणारा ट्रायपॉड अशा ठिकाणी छातीशी येतो. म्हणून उंच माणसाने पायांची लांबी गरजेपेक्षा थोडी जास्तच धरावी. जास्तीची लांबी आवरता येते, कमी पडलेली आणायची कुठून?

बजेट दहा हजार. हेड धरून. हे ऐकल्यावर बरेच पर्याय आपोआप गळाले. मॅनफ्रोटोचा ०५५ हा अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड या चर्चेत कायम येतो. मजबूत आहे, हातात घेतल्यावर कळतं. वजन अडीच किलो, दांडा वर करून १७० आणि दांडा खाली ठेवून १४०. त्यावर हेड आणि कॅमेऱ्याचे १९ धरले तर १५९. माझ्या डोळ्याला बावीस सेंटिमीटर कमी, आणि नवा घ्यायचा तर पैसे माझ्या बजेटच्या कितीतरी पुढे. गिट्झोच्या सिस्टिमॅटिक मालिकेत २०२ सेंटिमीटरचा पण आहे, कार्बनचा. त्याची किंमत मी हिला सांगितली नाही, आणि मी स्वतःही ती परत बघितली नाही.

दुसरा पर्याय बरा होता: लग्नाचे व्हिडिओवाले. त्यांच्यातले बरेच जण आता गिम्बल, म्हणजे कॅमेरा डोलू न देणारी मूठ, हातात धरून नाचत शूटिंग करतात, त्यामुळे जुने दणकट व्हिडिओ ट्रायपॉड स्टुडिओच्या माळ्यावर पडून आहेत. जोड-नळ्यांचे पाय, वर पंचाहत्तर मिलिमीटरची वाटी, त्यात हेड बसवून वाटीतच लेव्हल करता येतं. त्यावरचं फ्लुइड हेड कॅमेरा संथपणे, धक्का न बसता फिरवतं, त्याचाही पक्षीवाल्यांना उपयोग होतो. तुमची उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. नाशिकमध्ये मी दोन बघितले. एकाचे पाय ठीक होते, पण तरीही माझ्या खुणेला टेकत नव्हते. दुसऱ्याचं एक लॉक दोऱ्याने बांधलेलं होतं आणि मालक म्हणत होता, "चालतंय तसंच."

मग साइटवर एक दिवस ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा मोजायची दुर्बीण, काढून डब्यात ठेवली आणि रिकामं स्टँड समोर उभं राहिलं. आमचा हेल्पर पाय मिटायला निघाला होता, त्याला थांबवलं आणि टेप लावला. अॅल्युमिनियमचं साधं सर्व्हे स्टँड. पाय पूर्ण ताणल्यावर, नीट फाकवून, वरच्या प्लेटपर्यंत १६३. मला हवे होते १६२.

सर्व्हेचं साहित्य विकणाऱ्याकडून तसंच नवं स्टँड चारेक हजारांत आलं. अडचण एकच, स्क्रूची. सर्व्हे स्टँडच्या मधून खालून वर येणारा स्क्रू पाच सुताचा असतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला अकरा आटे. बॉल हेडच्या तळाला तीन सुताचं भोक, इंचाला सोळा आटे. मध्ये एक अॅडॅप्टर हवा. तो ऑनलाइन मिळतो, पण सातपूर एमआयडीसी घरापासून जवळ असताना मागवायचा कशाला, म्हणून एका लेथवाल्याकडे गेलो.

मिस्त्री साठीचे. मी कागदावर चित्र काढून दिलं: साठ मिलिमीटरची चकती, खालून पाच सुताचे आतले आटे, वर तीन सुताचा स्टड. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र बघितलं आणि विचारलं, "यूएनसी का व्हिटवर्थ?"

म्हणजे आट्यांचं माप अमेरिकी का ब्रिटिश. मी म्हटलं, "स्टँडचा यूएनसी आहे. तुमच्याकडे टॅप कोणता?"

"माझ्याकडे व्हिटवर्थ. पण पाच सुताला दोन्हीत अकराच आटे पडतात साहेब. तीन सुतालाही दोन्हीत सोळाच. कोनात तेवढा फरक, साठ अंश आणि पंचावन्न. तुमचं काही जेट इंजिन नाही ना?"

नव्हतं. चार सुताला मात्र एकात तेरा आणि दुसऱ्यात बारा आटे असतात, तिथे फसगत होते, हेही त्यांनी सांगितलं. चकतीच्या वरच्या तोंडावर त्यांनी आपल्या मनाने बारीक गोल चऱ्या काढल्या, हेड घसरून फिरू नये म्हणून. हे मी सांगितलेलं नव्हतं. टॅप फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्येच तेलाचा थेंब. अॅल्युमिनियमच्या चकाकत्या कुरळ्या चुऱ्याने टेबल भरलं. पैसे घेतले दोनशे. स्टड लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवायचा गोंद, लावून कायमचा बसवून दिला आणि वर बजावलं, "हेड काढताना स्टड निघून आला तर माझ्याकडे नका येऊ."

त्यावर तीन हजारांचं, आर्का प्लेट (क्विक रिलीज प्लेटचाच एक रूढ प्रकार) घेणारं बॉल हेड. सगळं मिळून आठ हजारांच्या आत. आणि उंची? स्टँड १६३, चकती दोन, हेड दहा, कॅमेरा नऊ: १८४. लेन्सभोवतीच्या कड्यावर (लेन्स कॉलर) बसवलं की व्ह्यूफाइंडर आणखी चार-पाच सेंटिमीटर वर जातो. आयुष्यात पहिल्यांदा मला ट्रायपॉड खाली घ्यावा लागला!

लावायची पद्धत साइटवरचीच. दोन पाय आधी रोवायचे. पायाच्या टोकाला जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर बूट ठेवून वजन द्यायचं, पाय मातीत जाईपर्यंत. मग तिसरा पाय हलवून माथा अंदाजे समतल करायचा आणि तोही रोवायचा. बाकीची दुरुस्ती पायांची लांबी कमी-जास्त करून. बिजागऱ्या सैल असतील तर अॅलन कीने आवळायच्या. स्टँड माथ्याला धरून उचललं की फाकलेले पाय जागेवर राहायला हवेत, आणि हलकासा धक्का दिला की खाली यायला हवेत, इतपत.

नांदूरमध्यमेश्वरला ते पहिल्यांदा नेलं तेव्हा पक्ष्यांनी काही हरकत घेतली नाही, माणसांनी घेतली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात फोटोग्राफर तिथे नेहमीचेच, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. पण पिवळ्या पायांचं सर्व्हे स्टँड बांधाच्या कडेला रोवलेलं दिसलं आणि शेजारच्या वावरातले एक बाबा पाण्याची मोटर तशीच सोडून आले.

"काय मोजायलात?"

"काही नाही बाबा, पक्षी बघतोय."

"पक्षी?" त्यांनी स्टँडकडे बघितलं, मग लेन्सकडे. "समृद्धीच्या टायमाला बी असंच होतं. आधी तीन पायाचं आलं, मग खुंट्या आल्या."

मी त्यांना व्ह्यूफाइंडरमधून चमचा पक्ष्यांचा थवा दाखवला. बघायला मी स्टँड खाली घेतलं, तरी ते टाचा उंचावून बघत होते. खात्री पटली का माहीत नाही, पण जाताना गाडीचा नंबर बघून गेले. आता मी पायांना गोणपाट गुंडाळतो. त्याचा दुसरा फायदा म्हणजे निफाडच्या थंडीत उघड्या अॅल्युमिनियमला हात लावावा लागत नाही. डिसेंबरात सकाळी सहाला ते धातू बोटांना चावतं.

फोटोंत फरक काय पडला, तर संथ शटरला. उजाडायच्या आधी पाण्यावर धुकं असताना सेकंदाच्या पंधराव्या भागाने काढलेल्या फोटोत शराटीच्या चोचीची कड स्वच्छ येते, अर्थात शराटी स्वतः हलली नसेल तर. कॅमेऱ्यात एक्स्पोजर डिलेची सोय आहे, आरसा उचलल्यावर एक ते तीन सेकंद थांबून शटर उघडतं. स्थिर विषयाला मी ती लावतोच. आणि कमरेबद्दल वेगळं सांगायला नको.

तोटेही भरपूर आहेत. वजन पाच किलोंच्या वर, हेड वेगळं. मिटल्यावर लांबी मीटरभर, त्यामुळे एसटीत कंडक्टरशी चर्चा होते आणि मोटारसायकलवर ते बंदुकीसारखं पाठीला लावावं लागतं. पायांना कोनाचे टप्पे नाहीत. मातीत रोवलं तर ठीक, पण गुळगुळीत फरशीवर किंवा ओल्या कातळावर तिन्ही पाय एकदम पसरू शकतात. आम्ही साइटवर फरशीवर लावताना तिन्ही पाय साखळीने बांधतो. तशीच नायलॉनची दोरी मी स्टँडला कायमची अडकवून ठेवली आहे. कातळावर टोकाला फट शोधायची. निरीक्षण मनोऱ्यावर तर कुठलाच ट्रायपॉड कामाचा नाही. जिन्यावरून एक माणूस चढला तरी सगळा मनोरा हलतो, त्याला स्टँड काय करणार? आणि हे खाली बसत नाही. कासच्या पठारावर गुडघ्याखालच्या फुलांचे फोटो काढायचे तर हे गाडीतच ठेवायचं आणि कॅमेऱ्याखाली ठेवायला तांदळाची छोटी पिशवी घेऊन जमिनीवर लोळायचं.

ट्रेकला मी हे नेत नाही. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर पाच किलोचं स्टँड पाठीवर घेऊन चढायची हौस मला नाही. तिथे भावाचा जुना, सव्वा किलोचा, कमरेएवढा ट्रायपॉड नेतो, दांडा खालीच ठेवतो, आणि कॅमेऱ्याच्या वायफायने मोबाइलवर चित्र बघून शटर दाबतो. डी ७२०० चा स्क्रीन जागचा हलत नाही, म्हणून ही कसरत. ज्यांच्या कॅमेऱ्याला बाहेर येऊन फिरणारा स्क्रीन आहे आणि जे मुख्यतः डोंगर, देवळं, सूर्यास्त काढतात, त्यांनी उंचीच्या मागे लागूच नये. दीड-दोन हजारांचा बुटका पण घट्ट ट्रायपॉड घ्यावा आणि स्क्रीन वर वळवून मान खाली करावी. माझ्यासारख्या डीएसएलआरवाल्या पक्षीवेड्यांचं तसं भागत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस रेंगाळतो, उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि तेवढ्यात पक्षी उडालेला असतो.

सध्या मी लाकडी स्टँडच्या शोधात आहे. लाकूड थरथर लवकर जिरवतं आणि थंडीत बोटांना चावत नाही. जर्मनीतली बेर्लेबाख ही कंपनी आजही अॅश लाकडाचे ट्रायपॉड बनवते, पण तो खर्च आपला नाही. आपल्याकडे रुडकीला सर्व्हेच्या साहित्याचा जुना धंदा आहे, आणि लाकडी स्टँडं अजूनही कित्येक जुन्या कॉन्ट्रॅक्टरांच्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडली असणार. कुणाच्या काकांकडे, मामांकडे असं एखादं असेल तर कळवा, नाशिक-पुणे-नगर पट्ट्यात मी येऊन घेऊन जाईन. पायाची एखादी पट्टी चिरलेली असली तरी चालेल, सुतार आहे हाताशी. फक्त फोन करायच्या आधी माथ्याच्या मधला स्क्रू मोजून ठेवा. जुन्या थिओडोलाइटच्या (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या) काही स्टँडांना मोठे, वेगळेच आटे असतात आणि तसं असेल तर मिस्त्रींकडे परत जावं लागेल.